समोरचा पडला तर थांबायचं का? सायकल रेसमधला न लिहिलेला नियम

जुलै २०२५ मध्ये टूर द फ्रान्स ह्या तीन आठवड्यांच्या सायकल रेसची अकरावी स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, तुलूझमध्ये संपत होती. शेवटचे चार-पाच किलोमीटर राहिलेले आणि तादेय पोगाचार दुसऱ्या रायडरच्या चाकाला घासून धाडकन पडला. त्याच ग्रुपमध्ये योनास विंगेगार्ड होता, म्हणजे पोगाचारला हरवू शकेल असा जो एक माणूस सगळे धरून चालले होते तोच. विंगेगार्ड आणि बाकीच्यांनी स्पीड कमी केला, पोगाचार उठला, चेन-बिन बघितली, मागून येऊन परत मिळाला आणि त्याचा टाइम गेला नाही. दुसऱ्याच दिवशी ओताकामच्या चढावर ह्याच पोगाचारनं विंगेगार्डला २ मिनिटं १० सेकंद मागे टाकलं.

ही क्लिप आमच्या सोलापूरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फिरली तेव्हा दोन तट पडले. एकांचं म्हणणं, असली संधी आयुष्यात एकदा येते, मारायचा होता अटॅक, म्हणजे एकदम स्पीड वाढवून निसटायचं. दुसऱ्यांचं म्हणणं, ह्याला म्हणतात खिलाडूवृत्ती, आपल्याकडं हेच नाही. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटल्या. कारण हेच रायडर दुसऱ्या एखाद्या रेसमध्ये पडलेल्या माणसाकडं मान वळवून पण बघत नाहीत, आणि तेव्हा त्यांना कुणी नावं ठेवत नाही. म्हणजे समोरचा पडला एवढ्यावर काही ठरत नसतंय. तो पडला तेव्हा रेस कुठल्या अवस्थेत होती, ह्यावर बरंचसं ठरतं. हेच जरा सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की टीव्हीवर नुसती गर्दी दिसते ती वेगळीच दिसायला लागते.

आधी वाऱ्याचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडून असतं. जून-जुलैत सकाळी पुणे रोडनं मोहोळकडं एकटं निघा, पेडल मारून मांड्या भरून येतात आणि मीटरवर आकडा काही हलत नाही. तेच चार जण एकामागं एक चिकटून निघा, पुढचा वारं अंगावर घेतो आणि मागचे तिघं गप्पा मारत येतात. ह्याला ड्राफ्टिंग म्हणतात. ढोबळमानानं मागच्याची तीसेक टक्के ताकद वाचते, आणि शंभर-दीडशे रायडरच्या मोठ्या घोळक्यात, ज्याला पेलोटॉन म्हणतात, त्याच्या पोटात बसलेल्याची तर त्याहून कितीतरी जास्त वाचते. म्हणजे रायडर पडतो तेव्हा त्याचं नुसतं कातडं सोलत नाही, तो ह्या आडोशाच्या बाहेर फेकला जातो. आता तो एकटा, आणि पुढं दीडशे जण आळीपाळीनं वारं फोडत निघालेले.

हिशोब करून बघा. सपाटीवर घोळका ताशी ४५ किलोमीटरनं चाललाय, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. पडलेल्याला उठायला, चाक बदलायला ४० सेकंद लागले तर घोळका अर्धा किलोमीटर पुढं गेला. आता घोळक्यानं स्पीड उतरवून ३० वर आणला आणि पडलेल्याला त्याच्या टीमच्या दोघांनी मध्ये घेऊन ४८ नं ओढलं, तर सेकंदाला ५ मीटर अंतर कमी होतं, शंभर सेकंदात तो परत आत. पण घोळक्यानं उलट ५० चा स्पीड धरला तर तो दिवसभर ओढून पण पोचणार नाही. थांबणं थांबणं म्हणतात ते एवढंच असतं, कुणी पाय खाली टेकवून रस्त्यात उभं राहत नाही, पुढं ओढणारे ओढायचं बंद करतात, बस. मिनिट-दोन मिनिटं स्पीड उतरवला तर एखाद्याची तीन आठवड्यांची मेहनत वाचते, नाही उतरवला तर गेली.

मग पंच काय करतात? आपल्या जिल्ह्यात कुस्ती बघणारे लई आहेत म्हणून तिथलंच सांगतो. पैलवानाला लागलं की पंच शिट्टी मारतो, कुस्ती थांबते, डॉक्टर बघतो, मग पुढचं. सायकल रेसमध्ये ती शिट्टीच नाही. रेस दोनशे किलोमीटर रस्त्यावर पसरलेली, पुढं ब्रेकअवे, म्हणजे घोळक्यातून निसटून पुढं गेलेले, मध्ये घोळका, मागे दमलेले, एक माणूस पडला म्हणून सगळ्यांना थांबवायचं म्हटलं तर रोज रेस होणारच नाही. जागतिक संघटनेचे, म्हणजे यूसीआयचे, लिहिलेले नियम आहेत पण थोडे. स्टेज सपाटीवर संपणार असेल तर शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडलात किंवा सायकल बिघडली तर ज्या ग्रुपबरोबर होतात त्याच ग्रुपचा टाइम मिळतो, काही स्टेजला हे अंतर वाढवतात पण. घाटावर संपणाऱ्या स्टेजला हा नियम नाही. अगदीच मोठं काही झालं तर आयोजक रेस थांबवतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या बास्क प्रांताच्या रेसला विंगेगार्ड, एव्हनपूल, रोग्लिच सगळे एकाच उतारावर पडले, विंगेगार्डची फासळी, कॉलरबोन मोडलं, फुप्फुसाला इजा झाली, तेव्हा मागच्या घोळक्याची स्टेज तिथंच थांबवली. कधी ज्युरी, म्हणजे रेसचे पंच, नंतर टाइम दुरुस्त करते, जसं २०१६ ला माँ व्हाँतूच्या चढावर गर्दीमुळं मोटरसायकल थांबली, रायडर तिच्यावर आदळले, क्रिस फ्रूमची सायकल मोडली आणि तो पिवळ्या जर्सीत (टूरमध्ये एकूण टाइममध्ये जो पुढं असतो त्याची जर्सी) चक्क पळत सुटला, त्याचा गेलेला टाइम ज्युरीनं परत दिला.

बाकी सगळं रायडरच्या हातात. आणि इथं न लिहिलेला नियम सुरू होतो.

रेस पेटलेली होती का, हा सगळ्यात मोठा प्रश्न. तीन आठवड्यांच्या रेसमध्ये रोज चार-पाच तास सायकल चालते आणि त्यातला बराच वेळ सगळे एकमेकांवर नजर ठेवून नुसते चाललेले असतात. तेव्हा एखादा मोठा रायडर पडला आणि तेवढ्यात कुणी अटॅक मारला तर ते नीच काम समजलं जातं. पण शेवटचा चढ आहे, पाच जण आधीच फुटून निघालेत, एकमेकांना तोडायचं चाललंय, आणि त्यातला एक पडला, तर तिथं थांबलंच पाहिजे असं कुणी म्हणू शकत नाही. ह्या दोन टोकांच्या मध्ये जो पट्टा आहे तिथंच सगळी भांडणं होतात.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण २०१० चं. पिरेनीजमधला पोर्त द बालेस नावाचा चढ, पिवळी जर्सी अँडी श्लेकच्या अंगावर, अल्बर्टो कॉन्टाडोर ३१ सेकंद मागे. श्लेकनं अटॅक मारला आणि त्याच क्षणी त्याची चेन उतरली. कॉन्टाडोर मागून आला तो थांबलाच नाही, दोघं-तिघं घेऊन वर गेला, पलीकडं उतरला, आणि दिवसाच्या शेवटी ३९ सेकंद कमावून पिवळी जर्सी घेतली. लोकांनी पोडियमवर त्याची हुर्यो उडवली, रात्री त्यानं व्हिडिओ टाकून माफी मागितली. आणि पॅरिसला फायनल फरक किती निघाला? बरोबर ३९ सेकंद. नंतर डोपिंगच्या केसमध्ये २०१२ ला ते जेतेपदच त्याच्याकडून काढून श्लेकला दिलं, पण ती वेगळी गोष्ट. माझं मत विचाराल तर अटॅक श्लेकनंच सुरू केला होता, रेस पेटलेली होती, त्यामुळं कॉन्टाडोरला चोर म्हणणं मला पटत नाही. तरी पण चेन हे यंत्राचं बिघडणं आहे, श्लेकचे पाय कमी पडले नव्हते, म्हणून लोकांच्या मनाला ते लागलं हे पण समजतं.

आता त्याच टूरची, दोन आठवडे आधीची गोष्ट बघा, ही कमी जण सांगतात. दुसऱ्या स्टेजला बेल्जियममध्ये स्टोक्यूच्या ओल्या उतारावर अर्धा घोळका घसरला, त्यात दोघं श्लेक भाऊ पण होते. पिवळ्या जर्सीत त्यांचाच टीममेट फाबियान कॅन्सेलारा होता. तो पुढं जाऊन हात दाखवून सगळ्यांना हळू करत राहिला, पडलेले परत आले, शेवटी स्प्रिंट, म्हणजे फिनिशला मारायची धाव, पण झाली नाही, आणि पुढं निसटलेल्या शाव्हानेलनं स्टेज पण घेतली आणि कॅन्सेलाराची पिवळी जर्सी पण. स्प्रिंटर थॉर हुशोव्ह चिडला, कारण त्याचे स्प्रिंटचे पॉइंट बुडाले. इथपर्यंत वाटतं, वा, काय माणूस, स्वतःची जर्सी सोडली. पण दुसऱ्या दिवशी दगडी रस्त्याची स्टेज होती, तिथं फ्रँक श्लेक पडला आणि त्याचं कॉलरबोन मोडलं, कॉन्टाडोर मागं अडकला, आणि हाच कॅन्सेलारा अँडीला पाठीशी घेऊन दात-ओठ खाऊन पुढं ओढत सुटला. आदल्या दिवशी थांबल्यानं त्याच्या टीमचा लीडर अँडी वाचत होता, दुसऱ्या दिवशी न थांबल्यानं त्याच लीडरचा फायदा होत होता. म्हणून मी म्हणतो की कोण थांबवतंय आणि त्याची टीम कुठं आहे हे आधी बघा. ह्यात कॅन्सेलारा वाईट ठरत नाही, ओल्या उतारावर सगळ्यांना सावध केलं ते बरोबरच केलं, पण चांगुलपणा आणि डावपेच एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.

२०२२ चं विंगेगार्डचं उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडतं, आणि त्यात पण हे दोन्ही आहे. अठरावी स्टेज, कोल द स्पांडेलचा उतार. पोगाचार २ मिनिटं १८ सेकंद मागे होता म्हणून उतारावर जीव खाऊन अटॅक मारत होता. आधी विंगेगार्डचं मागचं चाक घसरलं, तो कसाबसा वाचला, आणि लगेच पुढं एका वळणावर पोगाचार कडेच्या खडीवर जाऊन पडला. विंगेगार्डनं मागे बघितलं आणि पेडल सोडून दिलं. पोगाचार आला, हात पुढं केला, दोघांनी चालत्या सायकलवर हात मिळवले. रेस शंभर टक्के पेटलेली होती, न थांबता गेला असता तरी कुणी बोलू शकलं नसतं. म्हणून त्याचं मोल जास्त.

पण डावपेच म्हणून बघितलं तर एकट्यानं पुढं पळून त्याला मिळणार काय होतं? पिवळी जर्सी त्याच्याकडंच होती. खाली उतरल्यावर ओताकामच्या पायथ्यापर्यंत वाऱ्यात एकट्यानं चालवायचं होतं. मागे त्याचा टीममेट सेप कुस होता, पुढं ब्रेकअवेमध्ये वाउट व्हॅन आर्ट होता, ते दोघं जवळ असले तरच शेवटच्या चढावर पोगाचारला तोडता येणार होतं. आणि तसंच झालं, व्हॅन आर्टनं ओढून ओढून पोगाचारला मागे पाडलं आणि विंगेगार्डनं ती स्टेज १ मिनिट ४ सेकंदांनी जिंकली. माझा विश्वास आहे की त्या क्षणी त्यानं हा हिशोब केला नव्हता, उतारावर स्वतः मरता मरता वाचलेल्या माणसाला दुसरा पडलेला दिसला आणि पाय आपोआप थांबले. पण थांबणं त्याला परवडत होतं, हे पण खरं.

आता परवडतं तेव्हाच थांबतात का? तसं पण नाही. २०१७ च्या जिरो द इटालियात, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, पंधराव्या स्टेजला नायरो किंताना उतारावर पडला आणि गुलाबी जर्सीतल्या, म्हणजे तिथल्या लीडरच्या जर्सीतल्या, टॉम डुमुलाँनं घोळक्याचा स्पीड उतरवून त्याची वाट बघितली. पुढच्याच स्टेजला, उम्ब्राईलच्या पायथ्याशी, डुमुलाँचं पोट बिघडलं, रस्त्याकडेला सायकल टाकून कपडे काढून बसावं लागलं. किंताना, निबाली जरा घुटमळले आणि मग गेले. डुमुलाँचे दोन मिनिटांपेक्षा जास्त गेले, गुलाबी जर्सी जेमतेम ३१ सेकंदांवर टिकली. लई लोक किंतानावर चिडले. मी पण तेव्हा चिडलो होतो. पण विचार केला तर पडणं आणि पोट बिघडणं ह्यात फरक आहे. तीन आठवडे काय खायचं, काय पचतं, शरीर किती टिकतं हा पण रेसचाच भाग असतो, आणि पुढं ब्रेकअवे असताना निबालीनं किती वेळ थांबायचं? तो जिरो शेवटी डुमुलाँनंच जिंकला, किंतानावर ३१ सेकंदांनीच.

उताराचं पण असंच. बऱ्याच जणांना वाटतं चढावर रेस होते आणि उतारावर नुसतं खाली यायचं. उतारावर ताशी ८०-९० नं वळण कसं घ्यायचं, ब्रेक कुठं मारायचा, किती रिस्क घ्यायची, हे आयुष्यभर शिकायचं काम आहे. २०१६ च्या जिरोत स्टीवन क्राउसवाइक तीन मिनिटांच्या आघाडीवर होता, कोल्ले देल्ल'आन्येल्लोच्या उतारावर निबाली आणि चावेसच्या मागं चालवताना वळण चुकला आणि बर्फाच्या भिंतीवर जाऊन आपटला, फासळीला फ्रॅक्चर. निबाली थांबला नाही आणि दोन दिवसांत जिरो जिंकून गेला. क्राउसवाइक चौथा. फार वाईट वाटतं ते बघून, पण निबालीनं उतारावर दाब टाकला होता आणि समोरच्याला तो झेपला नाही, हे चढावर तोडण्यासारखंच आहे. एक दिवसाच्या रेसमध्ये तर प्रश्नच येत नाही. २०२५ च्या पारी-रूबेमध्ये ३८ किलोमीटर राहिलेले असताना पोगाचार वळणावर जास्त स्पीडनं गेला आणि पडला, माथ्यू व्हॅन डर पूल मागे न बघता निघून गेला आणि जिंकला. पोगाचारनं तक्रार केली नाही. उद्या नाहीच तिथं, जे आहे ते आजच, त्यामुळं थांबायची अपेक्षाच नसते.

हाच उद्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये असतो, आणि थांबण्यामागचं व्यवहारी कारण पण तोच आहे. २१ स्टेज त्याच माणसांबरोबर काढायच्या असतात. आठ जणांच्या टीमला दीडशे जणांवर राज्य करता येत नाही, कधी ना कधी दुसऱ्या टीमनं ओढायला मदत करावी लागते, निदान आडवं तरी येऊ नये असं वाटतं. आज पडलेल्यावर अटॅक मारला की उद्या तुमचं चाक पंक्चर झालं तेव्हा पुढचे सगळे हसत हसत स्पीड वाढवतात. २०२१ ला पारी-नीस ह्या आठवडाभराच्या रेसच्या शेवटच्या दिवशी प्रिमोझ रोग्लिच लीडरच्या जर्सीत दोनदा पडला, खांदा निखळला, ५२ सेकंदांची आघाडी गेली आणि कुणी थांबलं नाही. आदल्याच दिवशी त्यानं दिवसभर पुढं राहिलेल्या जीनो मेडरला फिनिशच्या काही मीटर आधी गाठून स्टेज घेतली होती, खरं तर त्याला तिची फारशी गरज नव्हती. त्याचा बदला म्हणून थांबले नाहीत असं मी म्हणणार नाही, शेवटच्या दिवशी रेस पेटलेलीच होती. पण ते दोन दिवस जोडून बोलणारे तेव्हा खूप होते, आणि घोळक्याची आठवण लांब असते हे सगळे रायडर जाणतात.

दुसरं कारण मनाचं आहे आणि ते मला व्यवहारापेक्षा मोठं वाटतं. १९७१ च्या टूरमध्ये लुईस ओकान्या सात मिनिटांपेक्षा जास्त आघाडीवर होता, एडी मर्क्ससारख्या माणसाला त्यानं धुतलं होतं. कोल द माँतेच्या उतारावर वादळी पावसात तो पडला, मागून आलेला रायडर त्याच्यावर आदळला, रेस संपली. पिवळी जर्सी मर्क्सकडं आली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ती घालायला नकार दिला. टाइममध्ये ह्याचा काही फरक पडत नाही, टूर शेवटी त्यानंच जिंकली. पण आपण समोरच्याला पायानं हरवलं की नशिबानं, हे त्या खेळाडूला सगळ्यात चांगलं माहीत असतं, आणि ज्यानं आयुष्य सायकलवर घालवलंय त्याला ते आतून खातं.

आणि कधी कधी तर थांबायचा प्रश्न प्रतिस्पर्ध्याचा नसतोच, स्वतःच्या टीमचा असतो. २०२४ च्या महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये पाचव्या स्टेजला डेमी व्होलरिंग पिवळ्या जर्सीत होती, फिनिश सहाएक किलोमीटरवर असताना मोठ्या पाडापाडीत ती पडली. ३ किलोमीटरच्या नियमाच्या बाहेर, त्यामुळं टाइम वाचणार नाही. पुढच्या ग्रुपमध्ये काशा नेवियादोमा होती, ती गेली, फिनिश जवळ होतं, सगळे जोरात होते, तिला दोष देता येत नाही. पण व्होलरिंगची टीममेट ब्लांका वास पण पुढंच होती आणि तिनं ती स्टेज जिंकली, तिकडं व्होलरिंग पाठ धरून मागून येत होती आणि पावणेदोन मिनिटांच्या आसपास हरवून बसली. टीमनं पुढच्या रायडर मागे का पाठवल्या नाहीत, हा प्रश्न तेव्हा खूप विचारला गेला, रेडिओवर नीट कळलं नाही असं उत्तर आलं. माझ्या मते लीडर पिवळ्या जर्सीत पडल्यावर एक स्टेज सोडून द्यायची असते, दोघी मागे आल्या असत्या तर वीस-तीस सेकंद तरी नक्की वाचले असते. तीन दिवसांनी आल्प द्युएझच्या माथ्यावर व्होलरिंगनं स्टेज जिंकली, आणि नेवियादोमानं टूर जिंकली, ४ सेकंदांनी.